चव घेण्याचं कलम

आमच्या सरांना जेवायला बोलवायची डोंबिवलीत कोणाची हिंमत होत नसे. म्हणजे बोलवायचे लोक, लग्नामुंजीला बोलवावंच लागतं, पण पंगतीत यजमान त्यांच्या समोरून जरा लगबगीनेच पुढे सरकायचे. "कसं झालंय?" असं विचारलं की बाकीची माणसं "उत्तम" म्हणतात आणि विषय संपतो. हे गृहस्थ प्रश्नाचं उत्तर द्यायचे. माझ्या साखरपुड्याला बाबांनी हात जोडून विचारलं, "सर, सावकाश होऊ द्या. काही कमीजास्त?" विचारायची पद्धत असते म्हणून विचारलं हो! सरांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मसालेभातात मीठ जास्त आहे. श्रीखंड आंबट आहे, चक्का शिळा दिला तुम्हाला केटररने." समोर माझ्या सासरची माणसं बसलेली. बाबांचा चेहरा बघवेना. श्रीखंड आंबट होतं, ती गोष्ट वेगळी.

मी त्यांच्याकडे ज्युनियर होते. लॉ झाल्यावर सगळ्या मैत्रिणी हायकोर्टाकडे पळाल्या, आणि मी घराजवळ बरं म्हणून त्यांच्याकडे लागलेले. फडके रोडच्या मागच्या गल्लीत, पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. कपाटं, दोन टेबलं आणि खालून सतत येणारा फोडणीचा वास. काम ट्रेडमार्कचं. धंद्याची नावं रजिस्टर करून द्यायची, कोणी नाव चोरलं तर नोटीस धाडायची, आणि कोणाला आपलं नाव दुसऱ्याला वापरायला द्यायचं असेल तर त्याचा परवाना, म्हणजे लायसन्सचा करार करून द्यायचा. हे शेवटचं काम सरांच्या विशेष जिव्हाळ्याचं. लोक पोरीच्या लग्नात घालत नाहीत इतका जीव ते त्या करारात घालत.

दुकानात गेले की पुडा हातात घेऊन आधी उलटा करायचे. "पुढे काय लिहिलंय ते जाहिरातवाल्याने लिहिलंय. मागे बघ. बनवलं कोणी, आणि नाव कोणाचं?" मागे बारीक अक्षरांत असतं बघा, की नाव अमुक कंपनीच्या मालकीचं आणि तमुक कंपनी परवान्याखाली वापरते. ती ओळ सापडली की सरांना नातवंड भेटल्यासारखा आनंद व्हायचा. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली, वाणी वैतागलेला, आणि सर चष्मा कपाळावर चढवून बिस्किटाचा पुडा वाचतायत. "अहो काका, घ्यायचाय का?" "नाही. मला फक्त बघायचं होतं."

एकदा कल्याणला एका फरसाणवाल्याच्या पाटीवर त्यांना गोलातला आर दिसला. नाव रजिस्टर झालेलं नसताना तो आर लावणं हा गुन्हा आहे. हे कायद्यात आहे, पण पाळतं कोण? दुकानदार म्हणाला, "बोर्डवाल्याने लावला साहेब, चांगला दिसतो म्हणून. सगळेच लावतात." सर तिथेच उभे राहिले. त्या माणसाने शेवटी स्टूल आणून आरवर कागद चिकटवला, तेव्हा हलले. मग त्याला वाईट वाटू नये म्हणून पाव किलो चिवडा घेतला, तिथेच चार दाणे तोंडात टाकले, आणि सांगितलं की शेंगदाणे खवट आहेत. वाईट वाटू नये म्हणून, काय! मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिलेले.

लायसन्स म्हणजे काय हे कोणी विचारलं की बाकीचे वकील फ्लॅटचं उदाहरण देतात. आमच्याकडे ठाण्यापासून बदलापूरपर्यंत लिव्ह अँड लायसन्स शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांना ते उदाहरण ऐकलं की राग यायचा. "फ्लॅट भाड्याने दिला आणि भाडेकरूने भिंतीत खिळे ठोकले, तर खिळे भिंतीत जातात. नाव भाड्याने दिलंत तर त्याने ठोकलेला प्रत्येक खिळा तुमच्या अंगात जाणार." मग चष्मा पुसत कायदा सांगायचे. परवाना घेतलेल्याने नाव वापरलं तर तो वापर मालकाचाच धरतात. हे मालकाच्या फायद्याचं आहे. तुम्ही स्वतः काही बनवलं नाही तरी नाव जिवंत राहतं, नाव पडून राहिलं म्हणून कोणी ते काढून घेऊ शकत नाही. पण मग त्याने जे विकलं, ते तुम्हीच विकलं. "म्हणून," इथे बोट वर व्हायचं, "त्याच्या मालावर तुमची नजर पाहिजे. दर्जा कसा राखायचा ते करारात लिहा. नुसतं लिहू नका, जाऊन बघा. कलम आहे आणि कोणी राबवत नाही, तर रजिस्ट्रीतली परवान्याची नोंदसुद्धा रद्द होऊ शकते."

खाण्यापिण्याचा माल असला की सर त्यात आपलं एक कलम घालायचे. मालकाने वर्षातून अमुक वेळा परवानाधारकाच्या कारखान्यात जाऊन, स्वतः, स्वतःच्या जिभेने चव घ्यावी आणि मत कळवावं. ऑफिसात आम्ही त्याला 'चव घेण्याचं कलम' म्हणायचो. दुसऱ्या वकिलांना ते वाचून हसू यायचं.

पण राबवायचं म्हटलं की पंचाईत. आमचा एक कल्याणचा मिसळवाला होता. त्याने आपलं नाव खडवलीला नदीकाठी हॉटेल टाकलेल्या माणसाला दिलेलं. सर एका रविवारी न सांगता तिकडे गेले, मलाही नेलं. मिसळ आली. सरांनी तर्री चमच्याने हलवली, हुंगली, एक घास खाल्ला आणि वहीत लिहायला लागले. परत येऊन मिसळवाल्याला सांगितलं, हा रंग मिरचीचा नाही, नोटीस काढू या. तो माणूस खुर्चीत आक्रसला. "अहो सर, साडू आहे माझा. बायको घरात घेईल का मला?" सरांनी वही मिटली. आम्ही खडवलीला गेलो होतो हेच त्या दिवशीपासून झालं नाही असं ठरलं.

हे तेव्हा मला फार विनोदी वाटायचं. आता वाटत नाही.

मावशी आमच्याकडे आल्या त्या ठाण्याच्या कोळीवाड्यातून. मासळी बाजारात बसायच्या, वर जवळ्याची चटणी करायच्या. जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, ती भाजून, लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर जाडसर वाटलेली. चटणी मूळ त्यांच्या सासूची. सासूला सगळा कोळीवाडा धाकली म्हणायचा, म्हणून चटणीचं नावही 'धाकली'. त्या नावाची नोंदणी सरांनीच करून दिलेली. डबा उघडला की खालचं पोळीभाजी केंद्रसुद्धा गप्प व्हायचं असा वास. सरांनी पहिल्यांदा चाखली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते म्हणाले, "एक खडा लागला." बस. दुसरं काही काढलं नाही. एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

घोडबंदर रोडला टॉवर झाले, तिथली माणसं गाड्या घेऊन बाजारात चटणीसाठी यायला लागली. मावशींचे हात दुखायचे, मुलगे नोकरीला, सुना घरकाम आणि शिवण्यात. तेवढ्यात घोडबंदरच्याच एका कंपनीने विचारलं, नाव आम्हाला विकता का? कारखाना भिवंडीकडे, ऑफिस टॉवरमध्ये, मालक तरुण, बोलायला गोड. मावशी आमच्याकडे सल्ल्याला आल्या. सर ताडकन म्हणाले, "विकायचं नाही. परवाना द्या. माल ते बनवतील, नाव तुमच्या घरात राहील."

"नाव माज्या सासूचा हाय, सायेब," मावशी म्हणाल्या. "तो कुठं जाता नये. बाकी मना काय नको."

सरांनी तो करार स्वतः बसून लिहिला. मला हातसुद्धा लावू दिला नाही. त्यात चव घेण्याचं कलम इतकं नीट लिहिलेलं की मी पुढे नोकरीला लागले त्या फर्ममध्ये अजून त्याची कॉपी वापरतो आम्ही.

पहिली तपासणी कंपनीने नारळी पौर्णिमेला ठेवली. आम्हाला वाटलं, काय समजूतदार लोक आहेत! सरांना ताप होता, म्हणून मावशींबरोबर मी गेले. कारखान्याच्या गेटवर रांगोळी. वरच्या मजल्यावर मांडव, मावशींच्या फोटोचं मोठं बॅनर, कोळी नाच करायला ऑफिसातल्या मुली हिरव्या साड्या नेसून तयार. मालकाने वाकून पाया पडून नमस्कार केला, शाल घातली, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातात दिला. त्याच्या आईने ओटी भरली. मग ताट आलं, त्यात भाकरी, कोलंबीचं कालवण आणि कडेला धाकली चटणी. मावशी जेवल्या. समोर कॅमेरा, हातात माईक. "मावशी, सांगा, कशी झालीय आपली धाकली?"

"झकास," मावशी म्हणाल्या. टाळ्या.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. शालीची घडी घालत मावशी हळूच म्हणाल्या, "त्यांत जवला नाय गो. खोबऱ्याचा चुरा हाय निसता. लसून तं सासूच्या आठवनीला पन नाय घातला. साकर टाकलीय." मी म्हटलं, अहो मग तिथे का नाही बोललात? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी घाण बोलले. "ओटी भरली ना त्यांनी माजी. ज्याच्या घरचा खाल्ला, त्याला नाव ठेवाचा?"

हे सरांना सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "तपासणीला गेला होतात की डोहाळजेवणाला?" मावशी मान खाली घालून बसल्या. सर स्वतः सत्कार घ्यायचे नाहीत कधी. व्यापारी मंडळाने एकदा शाल दिली, ती त्यांनी स्टेजवरच घडी करून परत केली होती. शाल अंगावर पडली की माणसाचं तोंड बंद होतं, असं म्हणायचे. आणि आता त्यांच्या लाडक्या कलमाला कंपनीने चक्क शाल पांघरलेली.

मग सुरू झाली शिकवणी. खरंच, हसू नका. मावशी ऑफिसात आल्या की सर खालून मुद्दाम गार झालेला, तेल सुटलेला बटाटावडा मागवायचे आणि त्यांच्यासमोर ठेवायचे.

"कसा आहे?"

"बरा हाय."

"नीट सांगा. चांगला की वाईट?"

"तुमी मागवलात, सायेब. वाईट कसा बोलू?"

"मी विचारतोय ना? म्हणा, वाईट आहे."

मावशी पदराने तोंड पुसायच्या, वडा अख्खा संपवायच्या, आणि म्हणायच्या, "सायेब, तुमाला भूक लागली आसंल, तुमी पन खा." सर कपाळाला हात लावायचे. मला हसू आवरायचं नाही. त्या माउलीला बाजारात गिऱ्हाइकाशी भांडताना मी ऐकलंय, तिच्यासमोर पोलीस गार पडायचे. पण कोणी ताट वाढलं की ती वेगळीच बाई व्हायची. पुढच्या वर्षीही कारखान्यात तेच झालं, नवी शाल, नवा नारळ, पुन्हा झकास.

इकडे बाजारात बोलणी सुरू झाली. जुनी गिऱ्हाइकं पुडा आणून मावशींच्या समोर धरायची. "काय गं, धाकली अशी कशी झाली? सासूचं नाव घालवलंस की!" एक दिवस त्या ऑफिसात आल्या, चप्पल न काढताच आत आल्या. "सायेब, बंद करा तो. मना सोसत नाय." सरांचा चेहरा असा उजळला. दर्जा राखला नाही म्हणून करार संपवल्याची नोटीस त्यांनी त्याच दिवशी काढली.

कंपनीने ऐकलं नाही. करारात लवादाची सोय होती, म्हणून प्रकरण कोर्टाऐवजी ठाण्याला एका निवृत्त न्यायाधीशांसमोर गेलं. सरांनी मालाची तपासणी करून घेतली, जवळा किती, खोबरं किती, सगळं. तरीही करारानुसार चव घेऊन मत द्यायचं ते मावशींनीच, म्हणून सगळं त्यांच्या साक्षीवर टेकलेलं. त्या खरं बोलल्या तर सासूचं नाव सुटणार होतं. सरांनी एवढंच सांगितलं, "मावशी, विचारतील, चटणी कशी होती. तुम्ही लिफ्टमध्ये हिला जे बोललात, तेच बोला."

साक्षीच्या दिवशी कंपनीचा मालक आधीच आलेला. मावशी आल्या तशी त्याने खुर्ची ओढून दिली, पाणी आणून दिलं, गुडघ्याचं कसं आहे विचारलं. सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाणी पिऊ देऊ नकोस." मी उठेपर्यंत त्यांनी ग्लास संपवलेला.

कंपनीचा वकील अजिबात ओरडला नाही. त्याने लॅपटॉपवर नारळी पौर्णिमेचा व्हिडिओ लावला. "मावशी, ह्या तुम्हीच ना?"

"व्हय."

"चटणी झकास आहे, असं म्हणालात?"

"बोल्ली."

"कोणी जबरदस्ती केली होती?"

"नाय बा."

"मग ते खरं बोललात, की ह्यांच्या घरी जेवून खोटं बोललात?"

मावशींनी सरांकडे बघितलं. मग पाणी आणून देणाऱ्या त्या पोराकडे बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, चटणी चांगली होती की नव्हती? मी मनातल्या मनात अक्षरशः देवाचं नाव घेत होते.

"चांगली होती," मावशी म्हणाल्या.

संपलं. तपासणीचे कागद होते, पण मालकिणीनेच मालाला पसंती दिलेली, तीही दोनदा आणि वर शपथेवर. आमची नोटीस बेकायदा ठरली, करार चालू राहिला.

मला वाटलेलं सर आता आभाळ डोक्यावर घेतील. त्यांनी रिक्षा थांबवली. तलावपाळीपाशी सिग्नलला म्हणाले, "चूक तिची नाही. मी तो करार माझ्यासारखा उर्मट माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. चव घ्यायची असं लिहिलं, पण घेणार कोण ते बघितलं नाही." मी म्हटलं, असं काय सर, कलम कायद्याला धरून होतं. "कायद्याला धरून होतं," ते म्हणाले. "मावशींना धरून नव्हतं." त्यानंतर त्यांनी ते कलम पुन्हा कोणाच्या करारात घातल्याचं मला आठवत नाही.

थोड्या दिवसांनी मावशीच आल्या आणि म्हणाल्या, नाव त्यांना विकून टाका. सर म्हणाले, "अहो, करार आज ना उद्या संपेल. थांबा. नाव तुमचंच आहे."

"तोच तं तरास हाय ना, सायेब. तुमीच बोललेलात, त्यांनी विकला म्हनजे मीच विकला. आता बाजारात रोज मीच वाईट चटनी विकते. त्यांचाच नाव होऊ दे. मंग लोक त्यांना बोलतीन, माज्या सासूला नाय."

वाक्य सरांचंच होतं. त्यांनी नाव कायमचं देऊन टाकण्याचा दस्त लिहिला आणि सही घेण्याआधी मावशींना नीट समजावलं, की आता तुम्ही स्वतःसुद्धा 'धाकली' नावाने चटणी विकू शकत नाही. मावशींनी सही केली. सासूचं नाव घरातून जाता नये म्हणून आलेली बाई, ते नाव आमच्या टेबलावर ठेवून गेली. मला रडू आलं. सर खिडकीशी उभे राहून खालच्या पोळीभाजीवाल्याला उगाच ओरडत होते, की तेल जळतंय.

नंतर मी ठाण्याच्या फर्ममध्ये गेले, सरांनी हळूहळू ऑफिस आवरलं. फोन व्हायचे. मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं, रेडिएशनचे शेक घ्यावे लागले. मी भेटायला जाणार म्हटल्यावर मावशीही म्हणाल्या, मी येते.

काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, दार उघडलं. मावशी पायरीवर पाय धूत होत्या तेवढ्यात काकू मला हळूच म्हणाल्या, "खायचं काही आणलं असलं तर राहू दे गं. चव गेलीय त्यांची. परवा साखरेऐवजी चहात मीठ पडलं माझ्याकडून, तरी प्यायले." मावशींना हे ऐकू गेलं नाही. मी काही बोलायच्या आत त्या आत जाऊन सरांच्या पलंगाशी बसल्या आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

सर वाळून गेलेले. पण डबा बघून उठून बसले.

"परत करते मी चटनी, सायेब. घरच्यांना नि शेजारपाजारला. नाव नाय ठेवला अजून काय. तुमी चाखा पयला. बाकी कोन मना खरा सांगत नाय, सगले आपले छान छान करतान."

सरांनी चमच्याच्या टोकावर घेतली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मला वाटलं, आता सांगतील, मावशी, मला चव लागत नाही. ज्या माणसाने माझ्या साखरपुड्यात श्रीखंड सोडलं नाही तो दुसरं काय सांगणार! काकू दारात उभ्या होत्या. सरांनी चमचा खाली ठेवला.

"लसूण जास्त झालाय," ते म्हणाले.

मावशींचा चेहरा जो खुलला, तो मी विसरणार नाही. "जाला काय? मना वाटलाच! व्हय, जास्तच जाला." पुढे सरकून विचारायला लागल्या, मिरची कशी, मीठ कसं. सर एकेकाला मान हलवत होते, "ठीक आहे, ठीक आहे. लसूण बघा फक्त. तो जमला की मग नावाचं बघू." माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

मी चाखली ना ती चटणी. त्याच डब्यातली. लसूण तसूभर जास्त नव्हता. पहिल्या दिवशी आमच्या ऑफिसात डबा उघडला होता, अगदी तीच चव होती ती.

का केलं असेल सरांनी तसं, ह्यावर मी खूप विचार केला. छान म्हणाले असते तर त्या आल्या तशाच गेल्या असत्या. चव लागत नाही म्हणाले असते तर खरं सांगणारा शेवटचा माणूसही गेला असता त्यांचा. म्हणून एक खोट काढून दिली त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस ताटावर बसून खोटं बोलला, आणि तेही नावं ठेवून! तेव्हा मला ते इतकं गोड वाटलं की येताना मी रिक्षात स्वतःशीच हसत होते.

सर त्यानंतर फार राहिले नाहीत.

परवा कोळीवाड्यात गेले होते. मावशींनी आग्रहाने जेवायला बसवलं. तांदळाची गरम भाकरी, आणि बशीत चटणी. "सायेब गेल्यापासून दर खेपेला लसून थोडा थोडा कमी करते बग," त्या म्हणाल्या. "त्यांचा अंदाज मना गावायला पायजे. तो गावला की नाव ठेवीन."

मी घास घेतला. जवळा चांगला होता, भाजलेला नीट होता, पण लसूण कुठे नव्हताच. कंपनीच्या चटणीत खोबरं आणि साखर असते, ती ह्यात नव्हती, पण लसणाच्या बाबतीत दोघींत काही फरक राहिला नव्हता. हे सांगायला हवं होतं. पण सांगणार तरी काय? की मावशी, सरांना त्या दिवशी चव लागत नव्हती, ते तुमच्याशी खोटं बोलले? ज्या एका माणसाचं ती खरं धरून बसलीय त्यालाच खोटं पाडायचं? का हो सर, का केलंत असं?

"कसा जालाय?" मावशींनी विचारलं. गुडघ्यावर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे टक लावून.

"छान झालंय," मी म्हटलं.

त्यांनी चटणीचा डबा पुढे ओढला.

"सायेब असते तं कायतरी खोट काढलीच असती," त्या म्हणाल्या, आणि माझ्या बशीत आणखी एक चमचा चटणी वाढली.